आत्यांची जीभ

मी एसटीतून उतरले तेव्हा बरण्या जीपमध्ये चढायला लागल्या होत्या. भावाची वास्तुशांत उरकून कराडहून येत होते. हातात पिशवी, पिशवीत माहेरचे लाडू. भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत आमच्या बचत गटाचं काम चालायचं, तिथं बायकांची नुसती लगबग चालली होती. डॉक्टर मॅडम जोत्यावर बसून चहा पीत होत्या. माझी मैत्रीण रझिया बरण्या पुसून खोक्यात भरत होती.

"आलीस व्हय? ब्येस झालं. धर, ह्या खोक्याला टोक धर," ती म्हणाली.

मी पिशवी बाजूला ठेवली. खोक्यातल्या एका बरणीचं झाकण तिरकं बसलं होतं. ते नीट लावावं म्हणून उघडलं, काठाला लागलेलं बोटावर आलं आणि सवयीनं मी ते बोट जिभेला लावलं.

खवट. आधी खवट, आणि मागून कडू. जुन्या पोत्याला ओल लागल्यावर वास येतो तसला कुबटपणा घशात जाऊन बसला. मी दुसरी बरणी उघडली. तीही तशीच. तिसरीही.

"रझिया, हे कुणी चाखलं?"

"कुनी म्हंजी? आत्यानं. सकाळीच चाखलं आन् म्हनली, भरा."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, आणि माझ्यामुळं सगळा गटच त्यांना आत्या म्हणायला लागला होता. त्या ओवरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. नऊवारीचा पदर डोक्यावर, मांडीवर सूप. माझ्याकडं बघून हसल्या. "पोरी, वास्तू झाली का निवांत?"

मी नुसती मान डोलावली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गावात अजून कुणीतरी मला ऐकू येईल असं म्हणतं, 'हिनं सासूला चव्हाट्यावर आणलं.' मी कधी उलटून बोलले नाही. मन खातं ते मलाही, पण लोकांना वाटतं त्या कारणासाठी नाही.

आम्ही बनवायचो ते दाण्याचं लोणी. शहरातले लोक त्याला पीनट बटर म्हणतात, पावाला लावून खातात आणि खाताना डोंगर चढून आल्यासारखं तोंड करतात. आत्या ते पाट्यावर वाटायच्या, त्याला नाव नव्हतं तेव्हापासून. दाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून फोलपटं पाखडायची, आणि कूट झालं म्हणून थांबायचं नाही. वाटत राहायचं. कुटाचा आधी गोळा होतो, मग त्याला तेल सुटतं आणि शेवटी ते वरवंट्याच्या मागं मागं ओघळायला लागतं. वरून थेंबभरही तेल घालायचं नाही, ही आत्यांची ताकीद. मग ते काकडीच्या कोशिंबिरीत घाला, आमटी दाट करायला घाला, भरल्या वांग्यात घाला, नाहीतर गरम भाकरीवर गुळासंगं फासा. गटाला पुढं विजेचं यंत्र मिळालं, पाटा सुटला, पण पद्धत त्यांचीच राहिली.

आणि चाखायचा मानही त्यांचाच. सुरुवातीला सगळ्याच बायका चाखायच्या. एकीला मीठ कमी लागायचं, एकीला जास्त, तिसरी म्हणायची करपलंय. त्यावरून दोघींची भांडणं अशी जुंपली की हळदी-कुंकू बंद झालं. शेवटी भैरोबापुढं नारळ ठेवून नेम केला, की चाखायचं ते आत्यांनी, बाकी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. आत्यांची जीभच तशी होती. आमटीचा भुरका मारून त्या सांगायच्या, हा दाणा माळावरचा, हा नदीकाठचा. गावात लग्न असलं की आचारी त्यांना वाटीतून रस्सा पाठवायचा. ओवरीत लोण्याचा चमचा त्यांनी तोंडात धरायचा, डोळे मिटायचे, आणि 'भरा' म्हणायचं. मगच बरण्या भरायच्या. चतुर्थी असो की सोमवार, अडचण नव्हती, कारण दाणा उपासाला चालतो. "द्येवानं माझी सोय बगून दाना केलाय," त्या म्हणायच्या.

तालुक्याला लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी एका प्रदर्शनात आमचं लोणी खाल्लं आणि त्या गावात आल्या. ऊसतोडीच्या तळांवरची पोरं हाडं मोजावीत अशी असतात, त्यांना हे द्यायचं होतं. ओवरीत बसून त्यांनी आम्हाला समजावलं होतं. दाण्यात प्रथिनं असतात, अंगाला लागणारं चांगलं तेल असतं, थोडक्यात पोट भरतं, आणि शिजवायला चूल लागत नाही. आई फडात असली तरी मोठं भावंड भाकरीला लावून देऊ शकतं. "अगदी लहानग्याला नुसतं देऊ नका, घशात चिकटतं. नाचणीच्या खिरीत पातळ करून द्यायचं. आणि पहिल्यांदा जरासंच द्यायचं, अंगावर पुरळ उठतं का बघायचं. काहींना दाणा सोसत नाही," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलून म्हणाल्या, "आणि एक सांगते. बुरशीचा दाणा यात गेला तर हेच औषध विष होईल. आजारी पोराचं लिव्हर ते सोसत नाही."

तेव्हा गटातल्या सुभद्राकाकू छाती काढून म्हणाल्या होत्या, "त्याचा घोर नगं. आमच्या आत्याच्या जिभंवरनं खवट दाना पुढं जायचा न्हाई."

ते खरं होतं, मृगाच्या आधीपर्यंत.

मृगाच्या तोंडावर आत्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, अंगात बळ आलं, त्या ओवरीत यायला लागल्या. एक दिवस घरी चुलीवर दूध उतू जाऊन करपलं. मी परड्यातून त्या वासानं पळत आले, तर आत्या चुलीपुढंच लसूण सोलत बसल्या होत्या. पाठ चुलीकडं होती, पण वास काय पाठीमागून येत नाही?

"आत्या, दूध!"

"आँ? आगं बया." आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, "डोळा लागला हुता."

लसूण सोलताना कुणाचा डोळा लागत नाही. त्याच आठवड्यात ओवरीत मी मीठ घालायचं विसरले. आत्यांनी चमचा तोंडात धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भरा."

मी काही बोलले नाही. बायका बरण्या आणायला वळल्या तेवढ्यात मीठ टाकून यंत्र परत फिरवलं. आणि तिथून माझी चोरी सुरू झाली. यंत्राच्या आडून मी आधी बोटभर चाखायची. नीट असलं तर चमचा भरून गुमान आत्यांच्या हातात द्यायची. काही बिनसलं असलं की घसा खाकरायची. मीठ कमी असलं तर मिठाचा डबा त्यांच्यापुढं सरकवून ठेवायची, भाजणी कच्ची असली तर कढई. पहिल्या दिवशी आत्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग डब्याकडं, आणि म्हणाल्या, "मीठ बगा गं जरा." बायकांनी माना डोलावल्या. काय जीभ आहे!

आमच्यात त्याबद्दल एक शब्द झाला नाही. ओवरीत नाही, घरात नाही, रस्त्यानं येताना नाही. मला वाटायचं, मी किती गुणाची सून आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ मी झाकून धरली आहे. रात्री अंथरुणावर पडले की स्वतःचंच कौतुक वाटायचं.

फक्त वास्तुशांतीला जाताना माझ्या मनात हे आलं नाही की मी नसताना घसा कोण खाकरणार. भावाच्या नव्या घरी पुरणपोळी वाढताना एकदा आठवलं होतं. वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

आणि आता जीप उभी होती.

"मॅडम, ह्या बरण्या न्यायच्या नाहीत. माल खवट आहे," मी म्हणाले.

बायकांचे हात थांबले. मग सुभद्राकाकूंचा आवाज आला. "खवट? आनि तुला कसं कळलं? तू चाखलंस?"

"झाकण लावताना बोटाला लागलं."

"नेम मोडलास! भैरोबाच्या दारात!"

"काकू, नेम ऱ्हाऊ द्या. लहान पोरांच्या पोटात जायचंय हे."

"आगं पर आत्यानं सकाळी चाखलंय," रझिया हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की तिलाही पोत्यांचा वास आला होता. नंतर तिनं सांगितलंच, परतीच्या पावसानं भिजलेला माल होता, व्यापाऱ्यानं सोललेला दिला, वरनं पांढरास्वच्छ. निवडतानाही घाई झाली. पण आत्यांनी 'भरा' म्हटल्यावर ती कोण बोलणार?

"मी चाखून बघते," मॅडम उठल्या.

"मॅडम, तुमी बसा," काकूंनी हात आडवा केला. "ह्यो आमच्या घरचा मामला हाय. आज तुमी चाखलं, उद्या डायवर चाखंल, मग आत्याची किंमत काय ऱ्हायली? सुनंला सासूची गादी पायजे, दुसरं काय न्हाई."

मी आत्यांकडं बघितलं. त्या सुपातले दाणे चाळवत होत्या, मान खाली. बोटं हलत होती, पण काही निवडत नव्हती.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी. कपाटात मागच्या खेपेची चांगली बरणी होती. मी म्हणाले, "आत्यांनाच विचारू. एक चमचा जुन्या मालाचा देते, एक आजच्याचा. त्या सांगतील तसं करू."

माझा हिशेब असा, की आजच्या मालाचा चमचा त्यांनी उचलला की मी घसा खाकरेन. त्या म्हणतील, हा खवट आहे, सकाळी वरचं वरचं चाखलं होतं, खाली माल बिघडलाय. बरण्या थांबतील, पोरं वाचतील, आणि आत्यांची जीभही शाबूत राहील. मला स्वतःच्या हुशारीचा त्या घटकेलाही अभिमान वाटला.

"देऊ का, आत्या?"

"दे," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

बायका भोवती गोळा झाल्या. मॅडम जरा लांब उभ्या होत्या. मी सगळ्यांना पाठमोरी होऊन चमचे भरले आणि ताटलीत ठेवून पुढं केले. आत्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला. तो चांगला होता. डोळे मिटले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि दुसऱ्या चमच्याला हात घातला.

मी खाकरले. चांगली जोरात.

आत्यांनी डोळे उघडून सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, सुटलो. चमचा तोंडात गेला, बाहेर आला. त्या जरा थांबल्या. मग त्यांनी पहिल्या चमच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो खवट हाय. दुसरा झ्याक हाय."

बोट चांगल्या मालावर होतं.

"बगा!" सुभद्राकाकू म्हणाल्या. "कुठला आजचा गं, वैजू? सांग की."

मॅडमनी आता कुणाचं ऐकलं नाही. पुढं होऊन त्यांनी आधी पहिल्यातलं चाखलं, मग दुसऱ्यातलं. दुसरं तोंडात गेलं आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मग रझियानं चाखलं. मग एकेक करत सगळ्यांनी. सुभद्राकाकूंनी सगळ्यात शेवटी. त्यांचं तोंड कडू झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते कशानं, ते त्यांनाच ठाऊक.

"मावशी," मॅडम आत्यांच्या शेजारी बसल्या, "तुम्हाला चव कळत नाही का? कधीपासून?"

"झालं लई दिस," आत्या म्हणाल्या. "वास बी न्हाई."

त्या उठल्या. रझिया आधाराला धावली, तिला हातानं थांबवलं. देवाला हात जोडले, चपला घातल्या आणि एकट्या घराकडं चालत गेल्या. मी मागं जायला वळले तर काकू म्हणाल्या, "आता कशाला जातीस? मिळाली न्हवं गादी?"

बरण्या आम्ही माळाला खड्डा खणून रिकाम्या केल्या. जनावराच्या तोंडालाही लागू नये म्हणून वर माती ओढली. जाताना मॅडम मला म्हणाल्या, "बरं केलंत. तुम्ही थांबवलं नसतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही." त्यांचं ते बरं बोलणंही मला सोसेना. आत्यांचं वाकून चपला शोधणं तेवढं डोळ्यापुढून हलत नव्हतं.

दिवेलागणीला घरी आले तर आत्या चुलीपुढं होत्या. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकलेली, परातीत पीठ. कांदा, खोबरं परतून झालेलं. दाण्याचं लोणी घालून त्या मसाला कालवत होत्या, रोजच्यासारख्या.

मी उंबऱ्यातच बसले. "आत्या, माझं चुकलं."

"काय चुकलं? माल खवट न्हवता का?"

"होता. पण मी चारचौघींत तसं करायला नको होतं. मला वाटलं, तुम्हाला... मी खाकरले होते, आत्या. दुसऱ्या चमच्याला. तुम्हाला ऐकू गेलं नाही का?"

"आलं की ऐकू. भैरोबाला बी गेलं आसंल."

त्या वांग्यात मसाला भरत होत्या, अंगठ्यानं दाबून.

"मग?"

"मग काय? म्हनून तर पयला दावला."

"जाणूनबुजून?"

आत्यांनी वांगं पातेल्यात ठेवलं. "वैजू, खरा चमचा दावला आसता, तर काय झालं आसतं? बायकांनी टाळ्या पिटल्या आसत्या. उद्या परत मी खांबाला टेकून बसले आसते, तू परत खाकरली आसतीस. आन् पुन्यांदा तू माहेरी गेली आसतीस." त्यांनी दुसरं वांगं घेतलं. "मला ठावं हुतं, मी आपनहून तितनं उठायची न्हाई. आज सकाळी सुदिक उठले न्हाई. चमचा तोंडात घातला, काय कळंना. म्हनलं, सांगावं, बायांनो, मला न्हाई कळत. तोंडातनं निघालं, भरा."

मी तोंडाला पदर लावला.

"दुपारभर त्या जीपकडं बगत हुते. मॅडम पोरांचं सांगत हुत्या. मी गप. तू आली नसतीस तर..."

"मीच तुम्हाला सांभाळायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

तेव्हा आत्या चिडल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर अशा चिडलेल्या मी बघितल्या नव्हत्या. "सांबाळलंस की! सांबाळलंस म्हनून तर हितवर आले. ज्या दिवशी मीठ न्हवतं, त्या दिवशी तुला कळलं हुतं न्हवं? घरी येऊन म्हनायचं हुतंस, आत्या, तुमची जीभ गेली, आता उठा. मी रडले आसते, तुला चार शिव्या दिल्या आसत्या, आन् उठले आसते. त्या दिवशी मी वाट बगत हुते, आता म्हनंल, मग म्हनंल. तू मिठाचा डबा सरकवलास. मी म्हनलं, बरं हाय, हिला काय म्हनायचं न्हाई, मग मी तरी कशाला म्हनू?"

चुलीत लाकूड सरकलं. त्यांनी ते पुढं सारलं आणि आवाज खाली आला. "तुला दोष न्हाई देत, पोरी. माझी बी हाव हुतीच. पर माया आशी बी करू नये."

बाहेर माझ्या नवऱ्याच्या सायकलचा आवाज आला, तसं आमचं बोलणं थांबलं. आमच्या ह्यांना गावात कळलं होतंच. पाय धुऊन ते पाटावर बसले. आत्यांनी ताटं केली. भाकरी, भरलं वांगं, वरून दाण्याचा दाट रस्सा.

मी पहिला घास घेतला आणि थांबले. रस्सा खारट होता. नुसता खारट नाही, तोंड आंबेल इतका. वांगी आधीच मिठाच्या पाण्यातली, मसाल्यात मीठ, रश्श्यात परत. हे आजचं नव्हतं. बरेच दिवस असं काहीबाही व्हायचं, आणि मी ताकाशी भाकरी कुस्करून वेळ मारून न्यायची. यांच्याकडं बघितलं तर ते मुकाट्यानं चावत होते. माझ्या लक्षात आलं, तेही कधीपासून तेच करत आलेत.

"कसं झालंय?" आत्यांनी विचारलं. रोज विचारायच्या.

"झ्याक," हे म्हणाले आणि तांब्या उचलला.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. सवयीनं माझ्या जिभेवर 'छान' आलंच होतं. ते परत गिळायला मला वेळ लागला.

"खारट झालंय, आत्या."

यांनी ताटाखालून माझा पाय दाबला. दिवसभर आईची शोभा झाली, आता जेवताना तरी सोड, असं ते बघणं होतं.

"किती?" आत्यांनी विचारलं.

"खाववत नाही."

"दिन्या?"

यांनी मान खाली घातली. "व्हय, आये."

"कवापासनं?"

"पावसाच्या आधीपासनं."

आत्यांनी पातेल्यात वाकून बघितलं. मला वाटलं, आता ताट सरकवून उठतील, पदरात तोंड घालतील. मी मनात म्हटलं, झालं, एका दिवसात दोनदा मारलं मी आत्यांना.

"आन हिकडं," त्या म्हणाल्या. पातेलं परत चुलीवर चढलं. "त्या बरनीतलं दोन डाव घाल. मागच्या खेपंचं, चांगलं. वर गरम पानी वत. बटाटा हाय का उकडलेला? कुस्कर त्यात."

मी घालत गेले, त्या ढवळत गेल्या. उकळी आली तसा रस्सा दाटला आणि कडेनं तेल दिसायला लागलं. ते त्यांना दिसत होतं. त्यांनी पळीत रस्सा घेतला, सवयीनं स्वतःच्या तोंडाकडं नेला, आणि मध्येच हात वळवून माझ्यापुढं धरला.

"चाख."

"अजून आहे खारट."

"घाल आजून जरा. गुळाचा खडा टाक. चाख."

"थोडं आहे."

"लिंबू पिळ. आता?"

"आता बरोबर आहे."

"खरं?"

"खरं, आत्या."

त्यांनी पुन्हा ताटं वाढली, स्वतःचंही घेतलं. भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला आणि सावकाश चावायला लागल्या. त्यातलं काहीच त्यांना लागत नव्हतं, हे आता तिघांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी अर्धी भाकरी परत मागून घेतली. तापानंतर त्या एका भाकरीवर कधी गेल्या नव्हत्या. मला वाटायचं, तब्येत अजून भरली नसेल. आत्ता कळलं, आपल्या हातानं काय रांधलंय हेच माहीत नसताना त्यांना घास उतरत नव्हता.

मी ताटावर वाकून रडत जेवले. 'खारट' एवढाच तर शब्द होता. सबंध पावसाळाभर तो मला म्हणता आला नाही, आणि त्यालाच मी माया समजत होते.